मुक्कामाची गाडी : पाचपैकी चार स्टार, आणि पाचवा कुणी द्यायचा

हा अभिप्राय एस.टी.च्या साध्या लाल गाडीचा आहे. शिवनेरीचा नाही, शिवशाहीचा नाही. ही गाडी तालुक्याच्या स्टँडवरून संध्याकाळी पाच पन्नासला सुटते, सव्वासात-साडेसातला आमच्या खोऱ्यातल्या शेवटच्या गावी पोचते, रात्री तिथंच मुक्काम करते आणि सकाळी सव्वासहाला परत निघते. मध्ये दुपारची एक फेरी. अंतर 38 किलोमीटर, त्यातला शेवटचा 9 किलोमीटर घाट. मी 11 वर्षं या गाडीने जाते-येते. सासर शेवटच्या गावात आणि नोकरी 22 किलोमीटरवरच्या बाजाराच्या गावातल्या हायस्कूलमध्ये. गणित-विज्ञान शिकवते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगायचंय ते कुठल्याही खोऱ्यातल्या मुक्कामाच्या गाडीला लागू आहे, आणि मला कुठल्या एका आगाराचं बरंवाईट करायचं नाही.

गाडीशी माझं दुसरंही नातं आहे. वडील एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते, 31 वर्षं. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी रात्रपाळीला जायचे. गाड्या फेऱ्या संपवून आत येत, ड्रायव्हर कागदावर लिहून देई, ब्रेक डावीकडे ओढतोय, स्टिअरिंगला प्ले आहे, मागचा पाटा आवाज करतोय. मग ती गाडी कार्यशाळेतल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी राहायची आणि वडील हातात दिवा घेऊन खाली उतरायचे. चाकाच्या एकेका नटावर ते हातोडी मारायचे. घट्ट नट टणकन वाजतो, ढिला बद्द वाजतो. मला डोळे मिटून ऐकायला सांगायचे आणि ढिला कुठला ते विचारायचे. दहा नटांतला एक मी बरोबर ओळखला तेव्हा त्यांनी मला शंभर नंबरचा पाना हातात घेऊ दिला होता, तो मला दोन्ही हातांनीही पेलला नाही. सकाळी त्या गाडीत बसणाऱ्या माणसांना रात्री कुणी काय केलं हे कधीच कळत नाही. गाडी सुखरूप जाते ती या रात्रीमुळे, एवढं मला तेव्हापासून पक्कं माहीत आहे.

आता सेवेबद्दल. माझा 22 किलोमीटरचा प्रवास म्हणजे चार टप्पे, एस.टी.चा एक टप्पा 6 किलोमीटरचा. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मला एका वेळचे पंचवीस रुपयेही पडत नाहीत. 25 जानेवारी 2025 ला भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, तरीही. वडापवाला, म्हणजे खासगी जीपमध्ये सीटप्रमाणे माणसं नेणारा, त्याच अंतराचे चाळीस घेतो, अंधार पडला की साठ, आणि नऊ जणांच्या जीपमध्ये चौदा-पंधरा माणसं भरतो. दोन पोरं मागच्या पायरीवर लोंबकळतात. वडापवाल्यांना मी नावं ठेवत नाही. गाडी नसली की त्याच जीपने आमच्या बाळंतिणी दवाखान्यात पोचल्यात. पण घाटातल्या वळणावर ती जीप समोरून येताना पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो.

गाडी वेळेवर असते का? बऱ्याचदा असते. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. पावसाळ्यात जास्त, आणि त्याचं कारण रस्ता. वाहक तिकीट मशीनवर काढतात, आता त्यावर क्यूआर कोड दिसतो, सुट्ट्या पैशांची कटकट गेली. घाटाच्या वरच्या अंगाला रेंज नसते, तिथं मात्र नोटा लागतात, म्हणून नवीन माणसाने वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवाव्यात. खिडकीकडची जागा हवी असेल तर जाताना डावीकडे बसा, नदी शेवटपर्यंत दिसते.

या गाडीला चार स्टार द्यायचं मुख्य कारण एक सकाळ आहे. जुलैचा दुसरा आठवडा होता, रात्रभर धो धो. गाडीत माझ्यासह साठेक माणसं, त्यांतली निम्म्याहून जास्त पोरं, घटक चाचणी होती. घाट उतरलो आणि ओढ्याच्या फरशी पुलाजवळ ड्रायव्हरने गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही. खाली उतरून पुलाच्या तोंडाशी गेले, छत्री नव्हती, डोक्यावर खताची रिकामी गोणी घेतली होती. पाणी फरशीवरून वाहत होतं, फार नाही, घोट्याच्या वर. पलीकडून एक वडापची जीप सरळ पाणी तोडत आली आणि निघून गेली. गाडीतली माणसं ओरडायला लागली, ती गेली की, चला, काही होत नाही. मीसुद्धा म्हटलं, परीक्षा आहे हो मास्तर, बघा जमतंय का. ते पायरीवर उभे राहून म्हणाले, "बाई, गाडी निघंल. पण पाण्याखाली रस्ता हाय का न्हाई, ते मला दिसत न्हाई. मी नेनार न्हाई."

आम्ही अडीच तास तिथं बसलो. पाणी ओसरलं तेव्हा फरशीचा डावा कोपरा, साधारण गाडीच्या चाकाएवढी रुंदी, वाहून गेलेला होता. आतल्या लोखंडी सळया दिसत होत्या. पोरं खिडकीतून बघत होती आणि कुणीच काही बोललं नाही. त्या दिवशीची चाचणी मी दुसऱ्या दिवशी घेतली.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला, तेव्हा जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या त्यात गेल्या. त्या ड्रायव्हरांना अंधारात पुढे पूल नाही हे दिसायची सोयच नव्हती. आमच्या ड्रायव्हरकडे उजेड होता आणि थांबायची हिंमत होती. पण पूल बघायची जबाबदारी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर का असावी? पुराची पातळी दाखवणारी रंगवलेली पट्टी, दोन्ही टोकांना साखळी, आणि पावसाळ्याआधी इंजिनिअरने येऊन पाया बघितल्याची तारीख पुलावर लिहिलेली, एवढं झालं तरी खूप झालं. बसचं धोरण म्हणजे नुसतं बस खरेदीचं धोरण असं धरून चालतात, ते मला पटत नाही. गाडी रस्त्यावर चालते. रस्ता, पूल, गाडी आणि चालवणारा माणूस यांची फाईल एकाच टेबलावर पाहिजे.

दुसरी गोष्ट मुलींची. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत आहे. 2024 च्या जूनपासून पास शाळेतच मिळायला लागले, आधी पोरींना तालुक्याला जाऊन रांग लावावी लागे, एक दिवस बुडायचा. आमच्या हायस्कूलला या गाडीने येणाऱ्या मुली यंदा 27 आहेत, मी हजेरीवरून मोजल्या. पासाची किंमत किती ते मला 2021 च्या हिवाळ्यात कळलं. एस.टी.चा संप नोव्हेंबरात तापला आणि एप्रिल 2022 पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांना माझा पाठिंबा होता, आजही आहे, वडिलांचा तुटपुंजा पगार आणि उशिरा मिळणारा पगार दोन्ही मी घरात पाहिलेत. पण गाडी बंद झाल्यावर मुलगे सायकलीने, वडापने, कुणाच्या दुचाकीवर मागे बसून येत राहिले. मुली येईनाशा झाल्या. आईबाप म्हणायचे, बाई, जीपमध्ये पोरीला कसं पाठवू. नववीतल्या दोघी परत आल्याच नाहीत. एकीचं मे महिन्यात लग्न झालं, मी गेले नाही. फुकट पास होता दोघींकडे. पास होता, गाडी नव्हती.

म्हणून सवलत जाहीर झाली की मला आनंद होतो आणि लगेच विचारावंसं वाटतं, गाड्या किती वाढवल्या? 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास आहे, मग बायकांना अर्धं तिकीट आलं. दोन्ही निर्णय चांगले आहेत. आमच्या गाडीत आता आठवड्याच्या बाजारला म्हाताऱ्या दिसतात, ज्या पूर्वी सुनेकडे पैसे मागायला लाजून घरीच बसायच्या. पण ज्या वर्षांत माणसं वाढली त्याच वर्षांत गाड्या घटल्या. कोरोनाच्या साथीआधी एस.टी. महामंडळाकडे 18 हजारांच्या आसपास गाड्या होत्या, आता 15 हजारांच्या आसपास आहेत. रोजचे प्रवासी पन्नास लाखांच्या वर. गर्दी त्यामुळे होते, वाहक उद्धट असतो म्हणून नाही. आणि सवलतीचे पैसे सरकारने महामंडळाला भरून द्यायचे असतात. ते पैसे रखडले की कात्री कुठे लागते ते मला वडिलांमुळे माहीत आहे. डिझेल थांबवता येत नाही, पगार फार दिवस थांबवता येत नाही. थांबतात ते सुटे भाग. ब्रेकचं लायनर अजून एक महिना चालवू, टायरवर नवं रबर चढवून अजून एक फेरा रिमोल्ड करू. खड्ड्यातला माणूस तोच असतो, त्याच्या हातात द्यायला भाग नसतो.

इथं एक अनुभव सांगते, एस.टी.चा नाही. काही वर्षांपूर्वी भावाच्या लग्नाला विदर्भात जायचं होतं, सुट्टीमुळे एस.टी.चं आरक्षण मिळालं नाही, म्हणून एका खासगी स्लीपर बसने गेले. नाव लिहीत नाही. एकाचं लिहिलं तर बाकीचे सुटतील. तिकीट नेहमीच्या तिप्पट. मला सवय आहे म्हणून चढल्यावर आधी संकटकाळी बाहेर पडायची खिडकी शोधली. मागच्या बाजूला होती, तिच्यासमोर कपड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. काच फोडायची हातोडी नव्हती, फक्त तिची रिकामी खुंटी. मी क्लीनरला म्हटलं, हे गठ्ठे हलवा. तो म्हणाला, माल पार्टीचा आहे, सकाळी उतरेल. रात्रभर एकच ड्रायव्हर होता. मी झोपले नाही, पुढे जाऊन दर तासाला त्याच्याशी बोलत बसले, घर कुठं, मुलं किती. पहाटे चारला तो म्हणाला, ताई, तुम्ही बोलत राहिलात बरं झालं.

1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली, 25 माणसं गेली. बस डाव्या कुशीवर पडली होती, दार जमिनीकडे. ती बातमी वाचली तेव्हा मला ते गठ्ठे आठवले. म्हणून माझं म्हणणं असं की कायदा सगळ्यांना सारखा लावा. संकटकाळची वाट मोकळी आहे का, हातोडी आहे का, आग विझवायचं नळकांडं भरलेलं आहे का, हे सुटण्याच्या जागी दोन मिनिटांत बघता येतं. वाहन कामगारांच्या कामाच्या तासांवर 1961 च्या कायद्यापासूनच मर्यादा आहे, दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्याच्या खासगी गाडीत दुसरा ड्रायव्हर आहे की नाही ते बघायला कायद्याची नवी कलमं लागत नाहीत, रात्री अकरा वाजता स्टँडबाहेर उभा राहणारा एक अधिकारी लागतो.

चौकशीची सवय एस.टी.लाही हवी, हे मी तिची असूनही म्हणते. 25 फेब्रुवारी 2025 ला पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. त्यानंतर भंगार गाड्या हलवायचे, महिला सुरक्षारक्षक वाढवायचे आदेश निघाले. आमच्या बारावीच्या मुली त्या आठवड्यात मला विचारत होत्या, बाई, पुण्याला कॉलेजला जायचं का नाही? मी जा म्हटलं. पण ज्या स्टँडवर त्या पहाटे साडेचारला उतरतील तिथं दिवा हवा, पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं आणि विचारायला खिडकीत जागा माणूस हवा. आदेश निघाल्यावर सहा महिन्यांनी ते झालं का, हे जाऊन बघणारं कुणीतरी बाहेरचं पाहिजे, आणि त्याने जे पाहिलं ते स्टँडच्या भिंतीवर लावलं पाहिजे.

आता पाचवा स्टार. तो मी गाडीचा कापलेला नाही, मंत्रालयाचा कापलाय. 1950 च्या रस्ते वाहतूक महामंडळ कायद्याचं कलम 18 म्हणतं की महामंडळाने लोकांना पुरेशी, कार्यक्षम, परवडणारी आणि नीट जोडलेली वाहतूक द्यायची. कलम 22 म्हणतं की धंद्याच्या तत्त्वावर चालवायचं. शेवटच्या गावच्या मुक्कामाच्या गाडीत ही दोन्ही कलमं एका सीटवर बसतात. घाटातल्या 9 किलोमीटरमध्ये डिझेल दुप्पट जातं आणि शाळेची वेळ सोडली तर माणसं वीसच असतात. धंद्याने बघितलं तर ही फेरी उद्या बंद करायला हवी. लोकांच्या गरजेने बघितलं तर हीच आधी चालायला हवी. सरकारने सांगायचं की चालवा, आणि तोटा मात्र एस.टी.च्या वहीत लिहायचा, असं किती वर्षं चालणार? एस.टी.च्या 2025 च्या जूनमधल्या श्वेतपत्रिकेत साचलेला तोटा 10 हजार कोटींच्या वर गेलेला आहे. त्याच तिकिटांवर राज्याचा प्रवासी कर 17.5 टक्के. म्हणजे माझ्या पोरींच्या गाडीकडून सरकार एका हाताने कर घेतं आणि दुसऱ्या हाताने मदत दिली म्हणून सांगतं.

मला हवंय ते असं. ज्या फेऱ्या गरजेच्या आहेत पण भरत नाहीत, त्यांची यादी प्रत्येक तालुक्याने ग्रामपंचायतींना विचारून करावी, आणि त्या फेऱ्यांचा किलोमीटरमागचा खर्च सरकारने अर्थसंकल्पातून आगाऊ द्यावा, रस्त्याला देतात तसा. रस्त्याला तोटा झाला असं कुणी म्हणत नाही. प्रवासी कर कमी करून जो पैसा सुटेल तो सुट्या भागांसाठी आणि कार्यशाळेतल्या रिकाम्या जागांसाठी बांधून ठेवावा, दुसरीकडे वळवता येणार नाही असा. 2016 पासून तिकिटामागे एक रुपया अपघात सहायता निधीला जातो, माणूस गेला तर घरच्यांना दहा लाखांपर्यंत मिळतात. चांगलं आहे. मी तर म्हणते अपघात होऊच नये म्हणून आणखी एक रुपया घ्या, मी देते, फक्त तो खड्ड्यातल्या मेकॅनिकपर्यंत पोचलेला मला दिसू द्या.

आणि मुक्कामाच्या चालक-वाहकांना झोपायला खोली. ठिकठिकाणी ही माणसं देवळात नाहीतर गाडीतच सीटवर अंग मुडपून झोपतात आणि सकाळी साठ जणांना घेऊन घाट उतरतात. आमच्या गावाने दोन वर्षांपूर्वी समाजमंदिराची मागची खोली दिली. दोन खाटा, पंखा, मच्छरदाणी, नळ. चादरी दर रविवारी बचत गटातल्या बायका धुतात, पाळी लावून. जेवण पाळीने एकेका घरातून जातं, भाकरी आणि जे असेल ते. याचा खर्च गावाला फार नाही. पण प्रत्येक गावाच्या मनावर सोडायची ही गोष्ट नव्हे, मुक्कामाच्या फेरीला मंजुरी देताना खोलीची अट त्यातच घातली पाहिजे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही हा ठराव मांडतोय. फरशी पुलाच्या पट्टीचा आणि साखळीचाही. ज्यांच्या गावात मुक्कामाची गाडी आहे त्यांनी आपापल्या ग्रामसभेत मांडावा, शिक्षकांनी मजकूर लिहून द्यावा, आपल्याला ते जमतं.

गेल्या आठवड्यात वडील आमच्याकडे राहायला आले. पाच पन्नासच्याच गाडीने. मी स्टॉपवर उतरवायला गेले होते. सगळे उतरून गेले तरी वडील खाली उतरून पुढच्या चाकाशी थांबले, वाकले आणि तळहात चाकाच्या मध्यावर टेकवला. घाट चढून-उतरून आलेली गाडी, ब्रेक घासत असेल तर तिथं हात ठेववत नाही. त्यांनी हात तसाच ठेवला, मग मागच्या चाकाला लावला. ड्रायव्हर दार लावून आले आणि बघत उभे राहिले.

"लायनर नवीन दिसतंय," वडील म्हणाले.

"परवाच घातलं, काका. चारही."